शेवटच्या अक्षरापासून

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेतल्या मुलींच्या शिष्यवृत्तीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नावं एका फाईलमध्ये होती, बँकेचे खाते क्रमांक दुसऱ्या. मी नावं अकारविल्हे लावली, शेजारी खाते क्रमांकांचा रकाना चिकटवला आणि यादी पाठवून दिली. यादी दिसायला अगदी देखणी होती.

दोन महिन्यांनी सातवीतल्या एका मुलीची आई वर्गाच्या दाराशी आली. "सर, सबके पैसे कब आएंगे? हमारे मोहल्ले में किसीकेच नै आए." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नावं मी हलवली होती, पण खाते क्रमांक जुन्याच क्रमाने उभे होते. जवळपास प्रत्येक मुलीच्या नावापुढे दुसऱ्याच मुलीचं खातं. नाव आणि खातं जुळेना, म्हणून रक्कम अडकून पडली होती. ती सुटेपर्यंत वर्ष संपलं. त्या मुलीने सहलीला नाव दिलं नाही. कारण मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं.

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या कामात आहे. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही पेस्ट केलंत, जॉइन करायला हवं होतं." मग त्याने काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून दाखवल्या. 'पेस्ट' दोन फाईलींच्या ओळी डोळे झाकून शेजारी ठेवतं. पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी. 'जॉइन' आधी दोन्हीकडची खूण पाहतं, आमच्या बाबतीत जनरल रजिस्टरचा नंबर, आणि जुळल्या तरच ओळी जोडतं. त्यासाठी दोन्ही फाईली आधी त्याच खुणेवर 'सॉर्ट' केलेल्या लागतात. 'कट' हवा तो रकाना कापून देतं, 'ऑक' रकान्यांचा क्रम बदलून देतं. एवढ्याशा हत्यारांचा इतिहास मी त्यानंतर शोधायला लागलो आणि न्यू जर्सीतून निघून बसऱ्याला पोचलो.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्समध्ये 1969 पासून युनिक्स घडत होतं. त्यांना मोठं यंत्र हवं होतं, पण नुसत्या प्रयोगासाठी पैसे मिळेनात. तेव्हा त्यांनी सांगितलं की कंपनीच्या पेटंट विभागासाठी मजकूर लिहिण्या-छापण्याची सोय करून देतो. म्हणजे या सगळ्या पसाऱ्याला आधार मिळाला तो कारकुनी कामाने, हे वाचून मला बरं वाटलं. डग मॅकलरॉय यांनी 1964 मध्येच एका टिपणात म्हटलं होतं की प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकमेकांना जोडता आले पाहिजेत. 1973 मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती सोय युनिक्समध्ये बसवली. एका उभ्या रेघेने एका आज्ञेचं उत्तर दुसरीच्या तोंडात. 'ऑक' 1977 चं. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं मिळून ते नाव झालं.

रकाना मात्र त्याहून जुना. 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रं पाडलेली कार्डं वापरली गेली आणि पुढे 1928 मध्ये आयबीएमने ऐंशी रकान्यांचं कार्ड काढलं. ती कार्डं क्रमाने लावणारं यंत्र एका फेरीत एकच रकाना पाहू शकत असे. मग चार आकडी क्रमांक लावायचा तर चार फेऱ्या, आणि सुरुवात एकक स्थानापासून, म्हणजे शेवटून. हजाराच्या स्थानापासून सुरू केलं की पुढच्या फेऱ्या आधीचं काम विस्कटतात. पत्त्यांवर करून पाहा, पटेल.

शेवटून लावणं. इथे मी थांबलो, कारण ही रीत आमच्या घरातली होती.

आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद नावाचे विद्वान होऊन गेले. गझल लिहिणारे त्यांना अरूज म्हणजे छंदशास्त्राचे जनक म्हणून ओळखतात. अरबीतला पहिला मोठा कोश, 'किताबुल ऐन', त्यांच्याच आखणीतून आला. त्यांनी अलिफ-बे-ते हा क्रम बाजूला ठेवला आणि अक्षरं उच्चाराच्या जागेनुसार, घशापासून ओठांपर्यंत लावली. सर्वात खोल त्यांना 'ऐन' वाटलं म्हणून कोश ऐनपासून सुरू होतो आणि नावही तेच. मराठी शिकवताना मी क, च, ट, त, प हा कंठापासून ओठांपर्यंतचा प्रवास फळ्यावर काढतो, तेव्हा हटकून त्यांची आठवण होते. तीन अक्षरांच्या धातूचे सहा क्रम होतात. खलील ते सहाही एकाच ठिकाणी घेत आणि कोणते वापरात आहेत, कोणते नाहीत हे सांगत. बाराशे वर्षांपूर्वी रकान्यांची अदलाबदल हीच.

फाराबचे जौहरी दहाव्या शतकातले. छपरावरून पंख लावून उडण्याच्या प्रयत्नात ते गेले असं सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे. त्यांनी आपल्या 'सिहाह' या कोशात धातू शेवटच्या अक्षरावर लावले. किताब या शब्दाचा धातू क-त-ब. तो शोधायचा तर 'बे'चा बाब उघडायचा आणि त्यात 'काफ'ची फसल. पुढे इब्न मंजूर यांनी 1290 मध्ये पुरा केलेल्या 'लिसानुल अरब'मध्येही हाच क्रम ठेवला. यमक शोधणाऱ्या शायराला याहून सोयीचं काय? उर्दू दिवानही जुन्या रीतीने असेच लागतात. गझलेच्या ओळीचं शेवटचं अक्षर पाहायचं, आधी अलिफवाल्या, मग बेवाल्या. गालिबचा दिवान चाळून पाहा.

हेच काम आज तीन आज्ञांत होतं. 'रेव्ह' प्रत्येक ओळ उलटी करतं, 'सॉर्ट' ती क्रमाने लावतं, पुन्हा 'रेव्ह' केलं की ओळी सरळ. मधल्या टप्प्यावर मराठी मजकूर मात्र पाहवत नाही, काना-वेलांट्या भलत्याच अक्षराला लटकलेल्या असतात.

उजवीकडून-डावीकडून लिहिण्याची मला फार काळजी होती. ती फुकट. फाईलमध्ये उजवं-डावं नसतंच, आधी आणि नंतर एवढंच असतं. उर्दू यादीचा पहिला रकाना पडद्यावर उजवीकडे दिसला तरी 'कट'साठी तो पहिलाच.

खरी अडचण वेगळी. यंत्राला भाषा सांगितली नाही तर ते अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक पाहतं. तिथे आधी अरबी अक्षरांची रांग आहे. पे, टे, चे, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरं तिच्या मागे उभी. मग उर्दू यादीत नसरीन आणि वहीदा आधी येतात आणि परवीन त्यांच्या नंतर, जरी आमच्या कायद्यात पे तिसऱ्या नंबरला असला तरी. मराठीत हाल 'ळ'चे. वर्णमालेत तो 'ह'नंतरचा, यंत्राच्या हिशेबात 'ल' आणि 'व' यांच्या मधला.

आणि नावं. अर्जात आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. जुन्या दाखल्यांत मुलाचं नाव, मग वल्द, मग बापाचं. मी 'ऑक'ला तिसरा शब्द पुढे आण म्हटलं आणि त्याने आणला. पण 'ऑक' शब्द मोजतं ते मधल्या मोकळ्या जागेवरून. अब्दुल रहमान हे त्याच्या लेखी दोन माणसं. एका मुलाचं आडनाव रहमान झालं आणि नाव नुसतं अब्दुल, म्हणजे 'चा बंदा'. कुणाचा, ते पुढच्या रकान्यात गेलं होतं. आता मी रकान्यांमध्ये टॅब ठेवतो आणि 'ऑक'ला तसं बजावतो.

या वर्षीची यादी नंबरावर जॉइन केली. तरी पाठवण्याआधी छापून वर्गात नेली आणि प्रत्येकीला पासबुक घेऊन आपल्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. गेल्या वर्षी मराठीच्या पेपरात शेवटून पहिली आलेली परवीन माझ्या उर्दू यादीत वहीदाच्या खाली होती. "सर, यहाँ भी?" असं म्हणून ती हसली. तिचं खातं बरोबर होतं.