टर्बोचार्ज्ड विमान-इंजिनातील हवेच्या शीतनाचा प्रश्न : पी-३८ लाइटनिंग विमानाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विमान जसजसे उंच जाते तसतशी हवा विरळ होऊन इंजिनाची शक्ती घटते. यावर टर्बोचार्जर हा उपाय पुढे आला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरणारे टर्बाइन कंप्रेसरला चालविते आणि तो आत येणारी हवा दाबतो. अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोराडोतील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर लिबर्टी इंजिनाची चाचणी घेऊन त्याची उपयुक्तता सिद्ध केली. परंतु दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेची घनता कमी होते. शिवाय सिलिंडरमध्ये 'नॉकिंग' होऊन पिस्टनची हानी होते. म्हणून हवेचे शीतन हा टर्बोचार्जिंगचा अविभाज्य प्रश्न ठरला. प्रस्तुत लेखात पी-३८ विमानाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ रचना व तिची मर्यादा :
लॉकहीड कंपनीच्या या विमानाचे पहिले उड्डाण २७ जानेवारी १९३९ रोजी झाले. त्यास ॲलिसन व्ही-१७१० जातीची दोन इंजिने होती. टर्बोचार्जरमधून आलेली हवा पंखांच्या पुढील कडेतील पोकळीतून नेली जाई व पंखाच्या पत्र्यामार्फत थंड होई. या युक्तीमुळे वेगळ्या शीतकाची गरज नव्हती व हवेचा अवरोधही वाढत नव्हता. मात्र ही योजना प्रत्येकी सुमारे १,००० अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी होती. पुढे इंजिनांची क्षमता वाढली. पंखाचे क्षेत्रफळ मात्र तेवढेच राहिले. परिणामी उंचीवर इंजिनाची पूर्ण शक्ती वापरता येईना.

सुधारणा व नवी अडचण :
१९४३ मधील पी-३८जे या आवृत्तीत इंजिनाखाली, तेलशीतकांच्या मध्ये, स्वतंत्र शीतक बसविण्यात आले. त्यामुळे १,४२५ अश्वशक्ती उपलब्ध झाली. पंखात रिकाम्या झालेल्या जागेत प्रत्येकी ५५ अमेरिकन गॅलनच्या इंधनटाक्या बसवून पल्लाही वाढविण्यात आला.

तथापि, युरोपातील हिवाळ्यात बॉम्बफेकी विमानांना संरक्षण देताना उलट अनुभव आला. अतिउंचीवरील कडाक्याच्या थंडीत हवा गरजेपेक्षा अधिक थंड होऊन इंधनाचे बाष्पीभवन नीट होईना व इंजिने बिघडू लागली. शत्रूच्या प्रदेशावर इंजिन बंद पडणे म्हणजे वैमानिकाच्या प्राणांवरच बेतणे होते. इंधनाचा दर्जा, इंजिन हाताळण्याची पद्धत व गारठलेली वैमानिक-कक्षा हीदेखील कारणे होती. १९४४ च्या शरद ऋतूपर्यंत इंग्लंडस्थित आठव्या हवाई दलाच्या लढाऊ तुकड्यांत पी-३८ ची जागा पी-५१ ने घेतली. याउलट पॅसिफिक आघाडीवर हेच विमान यशस्वी ठरले. रिचर्ड बाँग यांनी तेथे याच विमानातून ४० हवाई विजय मिळविले.

निष्कर्ष :
आधी अपुरे आणि नंतर अतिरिक्त, अशी शीतनाची दोन्ही टोके या एकाच विमानाच्या वाट्याला आली. यावरून असे दिसते, की खरा प्रश्न हवा अधिकाधिक थंड करण्याचा नसून तिचे तापमान योग्य मर्यादेत राखण्याचा होता. यंत्राची कसोटी केवळ आराखड्यावर लागत नाही. ते ज्या हवामानात वापरले जाते तेथेही ती लागते, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.