तबकड्यांचा जीर्णोद्धार

एखाद्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणास पंचवीस, पन्नास किंवा शंभर वर्षें पुरीं झालीं, कीं तेंच मुद्रण नव्या वेष्टनांत बाजारांत यावें, ही आतां साऱ्या जगाची रीत झाली आहे. कलावंताची जन्मशताब्दि हेंहि त्यास निमित्त पुरतें. रसिकाच्या घरीं तीं गाणीं बहुधा आधींच असतात. कोठें काळ्या तबकडीवर, कोठें फितीवर, आणि हल्लीं तर मोबाइलवरहि. मग त्याच गाण्यांसाठीं पुन्हां पैसे कां मोजावे? ‘जुनें तें सोनें’ ही म्हण रसिकाला जितकी ठाऊक, तितकीच ती विक्रेत्यालाहि ठाऊक असते. तेव्हां सोनें कोणतें आणि मुलामा कोणता, हें ओळखण्यासाठीं या तबकड्यांचा इतिहास थोडा पाहणें अवश्य आहे.

हिंदुस्थानांतील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा पाया १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास घातला गेला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनीं गौहरजान वगैरे कलावंतांचीं गाणीं मेणाच्या थाळीवर उतरून घेतलीं, आणि त्यांच्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापून आल्या. गाणें संपतां संपतां गौहरजान आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. परदेशांतील कारागिरांस तबकडी कोणाची हें कळावें, हा त्यांतील हेतु. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला व तबकड्या या देशांतच होऊं लागल्या. ज्या लाखेपासून त्या बनत, ती लाख तर पूर्वीपासून हिंदुस्थानचीच होती.

कोकणांत हें यंत्र पोंचलें तें समुद्रमार्गें. वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ हें बहामनी अमदानीपासून नांवाजलेलें बंदर. विसाव्या शतकांत मुंबईहून निघालेल्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड अशीं बंदरें घेत रत्नागिरीकडे जात, आणि चाकरमान्यांच्या सामानाबरोबर कर्ण्याची पेटी व तबकड्याहि खाडीकांठच्या घरांत उतरत. कोकणांत रेल्वे सर्व मार्गावर धावूं लागली ती १९९८ सालीं. परंतु नाटक मंडळींचा मुक्काम ज्या गांवीं कधीं पडला नाहीं, तेथेंहि बालगंधर्वांचा आवाज त्यापूर्वीं कितीतरी वर्षें पोंचला होता.

मात्र पोंचला तो किती? दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचेंच गाणें मावे. ‘मानापमान’ १९११ त आणि ‘स्वयंवर’ १९१६ त रंगभूमीवर आलें. त्यांतील पदें बालगंधर्व प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’ला मान देऊन पुन्हां पुन्हां आणि नव्या नव्या अंगानें गात. तबकडीवर तेंच पद तीन मिनिटांच्या कोंदणांत बसवावें लागे. म्हणजे ज्यास मूळ तबकडी म्हणतात, तीहि रंगमंचावरील गाण्याचें संक्षिप्त रूपच होय. मूळ म्हणून जें पूजिलें जातें, त्यालाहि मर्यादा असते, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

तरीहि त्या तीन मिनिटांचें सामर्थ्य केवढें! अब्दुल करीमखां यांची तबकडी लहानपणीं दुकानांत ऐकून भीमसेन जोशी यांचें चित्त वेधलें गेलें आणि गुरूच्या शोधार्थ त्यांनीं घर सोडलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. याच्या उलट, ‘स्वयंवरा’स चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें आज कोणत्याहि तबकडीवर ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादियाखां तर १९४६ पर्यंत हयात होते, परंतु त्यांचीहि तबकडी बाजारांत आली नाहीं. या दोघांची थोरवी आज शिष्यांच्या गाण्यावरून आणि लोकांच्या आठवणींवरूनच समजून घ्यावी लागते. जें ध्वनिमुद्रित झालें आणि टिकलें, तेंच पुढच्या पिढीच्या कानांवर पडतें. म्हणून जुन्या तबकड्या पुन्हां निघणें हा केवळ हौसेचा विषय नाहीं.

लाखेच्या तबकडीमागून लांब वेळाची तबकडी आली, नंतर कॅसेट आली, मग चकचकीत सीडी आली, आणि २०१७ पासून ‘कारवां’सारख्या गाण्यांनीं भरलेल्या पेट्याहि घरोघर दिसूं लागल्या. दर वेळीं जुनें गाणें एका वस्तूवरून दुसरीवर उतरलें. पोथीची नक्कल करतांना लेखकाच्या हातून चुका व्हाव्या आणि पुढच्या नकलेंत त्या वाढाव्या, तसाच प्रकार येथेंहि घडतो. नवी आवृत्ति मूळ साच्यावरून किंवा स्वच्छ तबकडीवरून काढली आहे, कीं कॅसेटसाठीं पूर्वीं केलेल्या नकलेवरूनच काढली आहे, हा म्हणूनच ग्राहकाचा पहिला प्रश्न असावा.

दुसरा प्रश्न गतीचा. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते असें सरसहा म्हणतात, पण आरंभींच्या काळांत ही गति निश्चित नव्हती. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेलें गाणें ७८ वर वाजविलें, तर तें जवळ जवळ एका पट्टीनें वर चढतें. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनमध्यें गात असल्याचा भास होतो. साडेतीन मिनिटांचें गाणें सुमारें अकरा सेकंद आधींच आटोपतें, आवाज पातळ होतो, लय धावूं लागते आणि तान आहे त्याहून चपळ वाटते. ऐकणारा त्या गवयाविषयीं जें मत बनवितो, तें गवयाविषयीं नसून यंत्राच्या चुकीविषयीं असतें.

तिसरा प्रश्न सफाईचा. जुन्या तबकडीची खरखर काढून टाकण्याचीं साधनें आज विपुल आहेत. त्यांचा हलक्या हातानें उपयोग केला, तर दबलेला शब्द उमटतो. अतिरेक झाला, तर खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारी जाते, सारंगीचा गजाचा स्पर्श जातो, आणि गवयाचा श्वासहि पुसला जातो. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं देवळाच्या काळ्या पाषाणास तैलरंग फांसण्याचाच हा प्रकार. गौहरजानचा शेवटचा नांवाचा पुकारा कोणी अनवश्यक म्हणून कापला, तर गाण्याचा उंबरठाच उखडला असें होईल.

याच कारणानें किंमतीचा विचारहि निराळा करावा लागतो. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षें चालतो. पुढें तें मुद्रण कोणीहि काढूं शकतो. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची मुदत केव्हांच संपली आहे. तेव्हां अशा संचाचे पैसे हक्कासाठीं नव्हेत, तर उत्तम तबकडी शोधणें, गति ठरविणें आणि माहिती जुळविणें या श्रमांसाठीं द्यावयाचे. ते श्रम झाले नसतील, तर नुसत्या सोनेरी पेटीचे पैसे देणें व्यर्थ होय.

मराठी घरांत या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द आणि सुधीर फडके यांचें संगीत असलेली ही मालिका पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झाली आणि १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालली. सीताकांत लाड यांच्या पुढाकारानें सिद्ध झालेल्या या मालिकेंत ५६ गीतें झालीं. त्या मूळ प्रक्षेपणांत पात्रागणिक आवाज निराळा होता. फडके यांच्यासह माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक इत्यादि गायक-गायिकांनीं तीं गीतें गाइलीं. पुढें फडके यांनीं एकट्याच्या आवाजांत सर्व गीतें गाऊन तबकड्या केल्या. त्याच कॅसेटवर व सीडीवर आल्या आणि घरोघर ठरल्या.

फडके यांचा संच कमी प्रतीचा आहे, असें कोणीहि म्हणणार नाहीं. संगीतकारानें स्वतः गाइलेली ती एकसंध कलाकृति आहे. पण ती आणि १९५५ चें प्रक्षेपण या दोन भिन्न कृति होत. पहिलीस कीर्तनाचा एकतानपणा आहे, तर दुसरींत नाटकाची रेलचेल आहे. २००५ सालीं सुवर्णमहोत्सव आणि २०१९ सालीं कवि व संगीतकार या दोघांचीहि जन्मशताब्दि झाली. अशा प्रसंगीं एकाच आवाजांतील संच नव्या पेटींत पुन्हां घेतल्यानें घरांत नवें कांहीं येत नाहीं. परंतु ज्या संचांत त्या वर्षाचे निरनिराळे आवाज नांवनिशीवार ऐकूं येतील, तो मात्र कर्ज काढून नव्हे तरी काटकसर करून घ्यावा अशा योग्यतेचा ठरेल.

पाश्चात्त्य तरुणांच्या रॉक संगीतांतहि हाच न्याय लागू पडतो. बीटल्स या इंग्रज चौकडीची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी १९६७ सालची. त्या काळीं एका कर्ण्यावर ऐकावयाच्या मिश्रणाकडे कलावंतांनीं स्वतः लक्ष पुरविलें होतें; दोन कर्ण्यांचें मिश्रण त्यांच्या अनुपस्थितींत लौकर उरकलें गेलें, आणि पुढें जगभर तेंच खपलें. २०१७ सालीं, पन्नासाव्या वर्षीं, मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स मार्टिन यांनीं मूळ फितींपर्यंत मागें जाऊन, त्या पहिल्या मिश्रणास प्रमाण मानून, नवें मिश्रण सिद्ध केलें. गाण्याचे आरंभींचे कच्चे प्रयत्नहि सोबत दिले. येथें वर्धापनाचें निमित्त सार्थकीं लागलें, कारण श्रोत्यास पूर्वीं न मिळालेलें कांहीं मिळालें.

कांहीं घरांस मात्र निराळ्या कारणानें नवी आवृत्ति घ्यावी लागते. दाभोळसारख्या दमट हवेंत चार महिन्यांच्या पावसानें फितीवर बुरशी चढते, तबकडीच्या वेष्टनास वाळवी लागते. जुनी कॅसेट गेलीच असेल, तर साधी आणि स्वस्त प्रत घेण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. नव्यानें लोकप्रिय झालेल्या काळ्या तबकडीचा मोह मात्र जपून करावा. संगणकावरच्या नकलेवरूनच ती कातली असेल, तर सीडीहून अधिक असें तींत ऐकूं येणार नाहीं. घरांत लाखेच्या जुन्या तबकड्या असतील, तर त्या टाकून देऊं नयेत. त्यांस जाड टोंकाची निराळी सुई लागते, ती लावून जाणकाराकडून त्यांची नक्कल करून घ्यावी. एखाद्या गाण्याची चांगली उरलेली प्रत अशाच एखाद्या माळ्यावर असूं शकेल.

सारांश, महोत्सवाची तारीख हा खरेदीचा हेतु नव्हे. मूळ कोठलें, गति कोणती, सफाई किती, साथीला कोण, आणि पूर्वीं न ऐकलेलें असें त्यांत काय, या पांच प्रश्नांचीं उत्तरें वेष्टनावर किंवा आंतील पुस्तिकेंत मिळालीं, तर तो संच घ्यावा. न मिळालीं, तर घरच्या जुन्या प्रतीवरची धूळ झटकावी. ग्राहक ज्याची किंमत देतो, तेंच विक्रेता जपतो. पेटीस पैसे दिले तर पेट्याच निघत राहतील. तबल्यावर थिरकवां होते आणि सारंगीवर कादरबक्ष होते हें सांगणाऱ्या श्रमांस पैसे दिले, तर त्या साथीदारांचींहि नांवें नातवंडांच्या कानांवर पडतील.