कॅनडातील करवतमाशी

मोहरीच्या कोवळ्या पानांची चाळण करणारी काळी अळी उत्तर भारतातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. दिसावयास ती फुलपाखराच्या अळीसारखीच. परंतु तिच्या पोटाखालील मांसल पायांच्या जोड्या मोजल्या, तर त्या पाच नव्हे, आठ भरतात. ही अळी गांधीलमाशी व मुंगी यांच्या गणातील करवतमाशीची होय. मादीच्या पोटाच्या टोकाशी करवतीसारखा दातेरी अवयव असतो. त्याने पान चिरून ती आत अंडे घालते. याच गोत्रातील एका किडीने कॅनडाच्या अरण्यांवर आणलेल्या संकटाची हकिकत आज सांगावयाची आहे.

१९३० साली क्वेबेक प्रांतातील गास्पे द्वीपकल्पात स्प्रूस वृक्षांवर या किडीचा मोठा उपद्रव आढळला. कागदाच्या लगद्याचा व्यवसाय या वृक्षांवर चालणारा. तेव्हा चिंता साहजिकच होती. कीड मूळची युरोपातील. तिच्यात नर जवळजवळ नसतातच. मादी समागमावाचून माद्यांनाच जन्म देते. त्यामुळे नव्या रानात एकच मादी पोहोचली तरी वंशविस्तारास पुरेशी. हिरव्या अळ्या जुनी सुईपाने खातात, मग जमिनीवरील शेवाळात उतरून कोश विणतात आणि हिवाळा त्यातच काढतात.

युरोपात हिला आवरणारे शत्रू होते, येथे नव्हते. म्हणून तिकडील परोपजीवी कीटक आणवून ते ओंटारिओतील बेलव्हिल येथील प्रयोगशाळेत वाढविण्यात आले व कोट्यवधींच्या संख्येने रानात सोडण्यात आले. तथापि त्या दशकाच्या अखेरीस अळ्या एका निराळ्याच कारणाने मरू लागल्या. ती विषाणूची साथ होती. बाल्च व बर्ड या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विषाणू अन्नावाटे शिरून अळीच्या आतड्यात वाढतो आणि दूषित पानांवरून शेजारच्या अळ्यांत पसरतो. दाटीवाटीच्या वस्तीत साथ झपाट्याने फैलावली व कीड ओसरली.

हा विषाणू कोणी मुद्दाम आणलेला नव्हता. परोपजीवींबरोबर तो नकळत आला असावा, असे मानतात. मग मनुष्याचे श्रम व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. अळ्या विरळ झाल्या की साथ मंदावते. त्या वेळी उरलेल्या अळ्या हुडकून काढण्याचे काम ड्रिनो माशी व एक्झेन्टेरस ही गांधीलमाशीची आप्त यांनी केले. आणि हे दोघेही युरोपातून बोलावून आणलेलेच पाहुणे होते.