मूठमातीची कुळकथा

एखादी रूढी मोडीत काढली, जुना वाद कायमचा मिटवला की आपण त्याला ‘मूठमाती दिली’ म्हणतो. हा वाक्प्रचार आला दफनविधीतून. खड्ड्यात उतरवलेल्या देहावर आप्तेष्ट मूठ-मूठ माती लोटतात, तोच अखेरचा निरोप. बहुतांशी दहन करणाऱ्या समाजाच्या बोलीत हा वाक्प्रचार रुळला, कारण हा संस्कार इथे कधीच परका नव्हता. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दफने राहत्या घरांच्या जमिनीखालीच सापडली. मूल गेले की दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवत. लिंगायत समाजात आजही देह बसता ठेवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून माती दिली जाते. ‘हरित दफन’ ही बाहेरून आलेली टूम आहे, असे म्हणूनच मला वाटत नाही. रासायनिक लेप नको, पक्की पेटी नको, वर सिमेंट नको, एवढेच ते मागते. नव्याने काही आणायचे नाही, मागाहून चढलेले उतरवायचे आहे.

साध्या दफनाची ही रीत कशी घडली, त्याचा एक धागा पनवेलला सापडतो. इथले बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे, बेने इस्रायली या ज्यू समाजाचे. कोकणात तेलाचा घाणा चालवणारा आणि शनिवारी तो बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. ज्यू परंपरेत दफनासाठी गरीब-श्रीमंत सर्वांना सारखेच साधे पांढरे कापड. त्यामागची हकिगत तालमूदमध्ये आहे. अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता, की नातलग मृतदेह टाकून निघून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या ज्यू धर्मगुरूंनी स्वतःला साध्या लिननच्या वस्त्रात नेण्याची रीत घालून दिली आणि लोकांनी ती उचलली. मुस्लिमांचे बिनशिवणीचे कफनही याच साधेपणाचे. म्हणजे मूळ प्रेरणा समतेची. मातीचे भले तिच्या ओघात झाले. युरोपात उलटा प्रवास झाला, तिथे सुरुवात मातीच्या विचाराने झाली. १८७५ मध्ये फ्रान्सिस सेमूर हेडन या इंग्रज शल्यचिकित्सकाने बंदिस्त शवपेट्यांविरुद्ध लिहून वेताच्या टोपल्या सुचवल्या. पुढे १९९३ मध्ये केन वेस्ट यांनी कार्लाइलच्या सरकारी दफनभूमीत दगडाऐवजी झाड लावण्याची सोय केली. यामागचे शास्त्र सरळ आहे. वरच्या काही फुटांच्या मातीत हवा आणि सूक्ष्मजीव असतात. बंद पेटी देहाला त्यांच्यापासून तोडते.

हरित दफनावर पहिला आक्षेप जागेचा. २०१६ मध्ये महापालिका झालेल्या, विमानतळामुळे जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या पनवेलमध्ये दफनाला जागा कुठून आणायची? पण जागा कायमची अडवतो तो काँक्रीटचा चौथरा. देह मातीत मिसळला की, ज्यांच्या धर्माला चालते त्यांना तीच जागा पुन्हा वापरता येते. ज्यूंना कबर हलवणे मान्य नाही. तिथे छोटा दगड ठेवून बाकी भुईवर गवत-झाडे वाढू देता येतील. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो पूर्ण रास्त आहे. गाढी नदीच्या काठच्या या गावात पावसाळ्यात भूजल वर येते. म्हणून विहिरी आणि पूररेषेपासून दूर, ऐन पावसात पातळी मोजूनच जागा ठरवावी. तशी जागा नसेल तर हट्ट धरू नये. तिसरा आक्षेप धर्माचा. अग्निसंस्कार सोडा, असे इथे कुणालाही सांगायचे नाही. एका चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. त्याला नागपुरात वापरात आलेल्या, शेतातल्या काडीकचऱ्याच्या मोक्षकाष्ठाचा पर्याय आहे. प्रश्न आहे तो पिढ्यान्‌पिढ्या दफन करत आलेल्यांचा. त्यांच्यातल्या काही समाजांत पेटी आणि संगमरवर प्रतिष्ठेचे झाले आहेत. वसईतल्या काही ख्रिस्ती धर्मग्रामांनी पेटी सोडून कापडातले दफन स्वीकारले, त्यात श्रद्धेला कुठेही बाध आला नाही. पेटीच्या झाकणावर पडलेली माती लाकडालाच मिळते. मूठमाती माणसाला द्यायची, तर मध्ये फक्त कापड असावे.