स्टेशनचं काम चालू आहे, तोवर आम्ही कुठं उभं राहायचं?



मागच्या पावसाळ्यात आमच्या कौंडण्यपूरच्या गटातल्या सहा जणी मालाच्या विक्रीसाठी एका मोठ्या शहराला गेलो होतो. डोक्यावर पापड-कुरडयांची पोती, हातात मुंगवड्यांचे डबे, आणि सोबत एकीची सासू. तिचे डोळे दाखवायचे होते. गाडीतून उतरलो तर ओळखीचं स्टेशन ओळखू येईना. नेहमीचा जिना निळे पत्रे ठोकून बंद. फलाट मधोमध खोदलेला. बायकांच्या संडासाला कुलूप. म्हातारी विचारे, "अवं, आता कोन्या जिन्यानं जा लागते?" आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं! एका हमालदादानं हात केला, "मावशी, पार टोकापर्यंत जा अन् तिकडून फिरून या. काम चालू आहे."

संडास मिळणार नाही हे कळल्यावर म्हातारीनं परतीच्या वाटेवर पाण्याचा घोटही घेतला नाही. संध्याकाळी गाडीची वाट बघताना तिला भोवळ आली. फलाटावरच आडवं केलं, पदरानं वारा घातला, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

गावी आल्यावर गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. एक म्हणाली, "पुढच्या साली होईल सारं चकाचक." दुसरी म्हणाली, "मागच्या सालीही हेच म्हणत होते." मग आम्ही ठरवलं की स्टेशनं बांधली कुणासाठी, बदलली कशी आणि त्याला एवढा वेळ का लागतो, हे जरा मुळापासून बघू. आजचं बोलणं त्याचंच.

आपल्या वऱ्हाडात रेल्वे आली ती कापसामागं. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली रूळ नागपूरला पोचले. अकोला, बडनेरा, धामणगाव, पुलगाव ही स्टेशनं त्याच वाटेवरची. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि त्याच्या शेजारच्या वस्तीला पुलगाव नाव पडलं, असं सांगतात. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला छोटे फाटे काढले, तेही कापसाच्या बाजारपेठा जोडायला. आपल्या नदीपलीकडच्या आर्वीला पुलगावहून छोटी गाडी सुरू झाली ती १९१७ साली. आमच्या आज्या-सासवांनी ती पाहिली, तिच्यात बसल्या. आता ती बंद आहे.

सांगायचा मुद्दा असा, की या वाटेवर स्टेशनाचा विचार आधी गाठींसाठी झाला. गाठी भिजू नयेत म्हणून गुदाम हवं, गाठी चढवायला धक्का हवा. गाठीला तहान लागत नाही, गाठीच्या कडेवर लेकरू नसतं. माणसांची सोय मागून, तीही एकेक मागून घ्यावी लागली.

किती मागून, ते ऐका. रेल्वे सुरू होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास नव्हते. गाडी थांबली की उतरायचं आणि शिटी व्हायच्या आत परत यायचं. १९०९ साली बंगालमधले ओखिलचंद्र सेन नावाचे गृहस्थ अहमदपूर स्टेशनावर असेच उतरले. गार्डानं शिटी दिली, गाडी सुटली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून ते धावले आणि सगळ्यांच्या देखत फलाटावर पडले. त्यांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रारीचं पत्र लिहिलं. ते पत्र आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलं आहे. त्या पत्रानंतर खालच्या वर्गात संडास आले, असं सांगतात. एका पत्रानं सारं झालं असेल असं आम्ही म्हणत नाही. पण लाज गिळून बसण्यापेक्षा त्या माणसानं ती लिहून काढली, हे मोठं. आणि मनात येतं, त्याच फलाटावर किती बायांची तशीच गत झाली असेल! त्यांची पत्रं कुठंच नाहीत.

पुढं १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे हाल सांगणारी छोटी पुस्तिका लिहिली. ते स्वतः त्या वर्गानं फिरत, म्हणून त्यांना ते दिसलं. तिसरा वर्ग हे नाव जायला मात्र १९७४ साल उजाडलं.

आता आपल्या जवळच्या नागपूर स्टेशनाकडे येऊ. आज दिसणारी दगडी इमारत १९२५ सालची. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मोठे मार्ग इथं एकमेकांना छेदतात, म्हणून रात्री दोन वाजताही इथं वर्दळ असते. त्या जुन्या इमारतीला धक्का न लावता स्टेशन नव्यानं उभारायचं ठरलं आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ५९० कोटी रुपये. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पाही खुला झाला. समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. एकूण ७०१ किलोमीटर रस्ता पुरा झाला, आणि नागपूर स्टेशनाचं काम तेव्हाही चालूच होतं.

यावर लगेच बोटं मोडायला नकोत. रस्ता मोकळ्या जमिनीवर होतो. चालत्या स्टेशनाचं काम म्हणजे लग्नघरात चूल न विझवता छप्पर बदलण्यासारखं. वऱ्हाडी जेवायला बसलेत, वरून माती पडता कामा नये, आणि पंगतही उठवता येत नाही. स्टेशनावर सगळे फलाट एकदम बंद करता येत नाहीत. एक बंद करायचा, त्याच्या गाड्या दुसऱ्यावर घ्यायच्या, तो झाला की पुढचा. डोक्यावरच्या तारांत २५,००० व्होल्टची वीज असते. पुलाची तुळई टाकायची तर ती वीज बंद हवी, गाड्या थांबलेल्या हव्यात. रेल्वेवाले त्याला 'ब्लॉक' म्हणतात. तो मिळतो काही तासांचा, बहुतेक रात्रीचा. फलाट उंच करायचा तरी हेच. सखल फलाट रुळापासून साधारण ४५ सेंटिमीटर असतो, उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटर. फरक हातभराचाही नाही, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला तो डोंगराएवढा. म्हणून हे काम व्हायलाच हवं, आणि नीट व्हायला हवं.

पण उशिराचे प्रकार दोन. एक उशीर कामाचा. दुसरा, काम मनावर घ्यायचा. हा दुसरा उशीर जीव घेतो.

मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल गर्दीला फारच अरुंद होता. लोक वर्षानुवर्षं सांगत होते. नवा पूल मंजूरही झाला होता, पण उभा राहिला नव्हता. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी पाऊस आला, लोक आडोशाला पुलावरच थांबले, मागून नवी गर्दी येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मग लष्कराला बोलावलं. जवानांनी नवा पूल बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. पाच महिन्यांच्या आत! म्हणजे होऊ शकत होतं. आधी मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, 'काम चालू आहे' ही पाटी दिसली की नुसतं 'कधी पुरं होईल' एवढंच विचारून भागत नाही. 'पुरं होईपर्यंत काय' हेही विचारायला हवं. नकाशात पाच वर्षांनंतरचा सरकता जिना असतो. आमच्या म्हातारीला आजचा संडास हवा असतो. जुना संडास पाडायच्या आधी तात्पुरता उभा राहिला का? जिना बंद केला तर दुसऱ्या वाटेची पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात लावली का? फलाट बदलला तर घोषणा वेळेवर होते का? डोक्यावर ओझं आणि कडेवर लेकरू असलेल्या बाईला चढायला उतार आहे का? रात्री तिथं दिवा लागतो का? यातलं काहीच ५९० कोटींचं नाही.

विचारायचं कुठं? प्रत्येक स्टेशनमास्तरकडे तक्रार वही असते. मागा आणि लिहा. १३९ या क्रमांकावर फोन करा. धामणगाव, पुलगाव ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. बडनेरा, अकोला भुसावळ विभागात. त्या विभागाच्या व्यवस्थापकाला गटाच्या लेटरहेडवर पत्र घाला. तारीख लिहा, वेळ लिहा, फलाटाचा नंबर लिहा, काय झालं ते सरळ लिहा. एकीनं लिहिलं तर एक कागद, दहा गटांनी लिहिलं तर फाईल होते.

आमच्या गटानं त्या दिवसाचं पत्र लिहिलं आहे. लिहिताना एक जण कचरत होती, "संडासाचं कसं लिहावं वो, लाज वाटते." तेव्हा आमच्यातली सगळ्यात थोरली काकू बोलली, "अवं, आपण कोन्या गावच्या? रुख्मिणीच्या ना! तिचं लगन भलतीकडं ठरवलं होतं. ती रडत बसली नाही. तिनं पत्र लिहिलं, सुदेवाच्या हाती द्वारकेला धाडलं. कोन्या दिवशी, कोन्या देवळापाशी येऊन मले घेऊन जा, सारं नीट सांगितलं. म्हनून देव आला."

मग सगळ्या हसलो, आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं: बायकांचा संडास बंद होता, म्हणून आमची सासू दिवसभर पाणी प्यायली नाही. खाली अकरा जणींच्या सह्या आणि एक अंगठा आहे. अंगठा म्हातारीचा.

उत्तर आलं की याच कार्यक्रमात सांगू. रामराम.