दोन पत्र्यांमधली वाफ : लेझर वेल्डिंगचा इतिहास

१/ मोटारीचा सांगाडा अखंड नसतो. पोलादी पत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढवून, त्या ठिकठिकाणी सांधून तो उभा केला जातो. अपघातात प्रवाशाचे रक्षण पत्र्याइतकेच या सांध्यांवरही अवलंबून असते. हे सांधे प्रकाशाने घालण्याच्या इतिहासाची एक वाट बारामतीहून निघते.

२/ विसाव्या शतकात हे काम प्रामुख्याने स्पॉट वेल्डिंगने होई. तांब्याचे दोन इलेक्ट्रोड पत्र्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरत. वीजप्रवाहाला होणाऱ्या विरोधातून उष्णता निर्माण होई आणि तेवढ्याच जागी पोलाद वितळे. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंनी जागा मोकळी असणे आवश्यक होते.

३/ १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण मिळवला. तो क्षणिक स्पंदांचा होता. लांब, सलग सांध्यासाठी मात्र अखंड आणि शक्तिशाली किरण हवा होता.

४/ तो मार्ग कुमार पटेल यांनी खुला केला. जन्म बारामती, १९३८, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात, डॉक्टरेट स्टॅनफर्डची. १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर सिद्ध केला. त्याचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण डोळ्यांना दिसत नाही. पण पुढे याच प्रकारचे किलोवॅट क्षमतेचे लेझर कारखान्यांत पोहोचले.

५/ असा किरण सूक्ष्म बिंदूवर एकवटला की पोलाद केवळ वितळत नाही, त्याची वाफही होते. वाफेच्या दाबाने वितळलेल्या धातूत एक अरुंद, खोल विवर तयार होते. ते वरचा पत्रा भेदून खालच्यात उतरते. किरण पुढे सरकला की मागचा धातू थिजतो आणि सांधा तयार होतो, तोही एकाच बाजूने.

६/ अडचण आली ती गंजरोधक जस्तामुळे. जस्ताच्या मुलाम्याचे पेटंट फ्रान्सच्या सोरेल यांनी १८३७ मध्येच घेतले होते. पुढे मोटारींसाठीही असे पत्रे रूढ झाले. पण पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळते. घट्ट बसवलेल्या पत्र्यांमधून ही वाफ निसटू शकत नाही. ती वितळलेले पोलाद उसळवून बाहेर फेकते आणि सांध्यात छिद्रे पडतात.

७/ उपाय निघाला तो फटीचा. पत्र्यांमध्ये साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतर राखले की वाफ बाजूने निघून जाते. फट वाढली, तर वितळलेला धातू तीत ओघळून सांधा दुर्बळ होतो. म्हणून अनेक ठिकाणी आधी लेझरनेच पत्र्यावर सूक्ष्म उंचवटे उठवतात. त्यांच्या आधाराने दुसरा पत्रा नेमक्या अंतरावर बसतो.

८/ आज पत्र्यांच्या वेल्डिंगमध्ये अनेक कारखान्यांत फायबर लेझरने जुन्या वायू-लेझरची जागा घेतली आहे. जस्त मात्र आजही ९०७ अंशांनाच उकळते. म्हणून अनेक ठिकाणी ती केसाएवढी फट आजही मोजूनच ठेवावी लागते.