अ.पा.क., ए.कु.मॅ. आणि रोजनाम्यातली एक ओळ

जुना सातबारा किंवा फेरफार वाचणाऱ्याला दोन संक्षेप हमखास भेटतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ('अज्ञान' हा शब्द ऐकून दचकू नका. कायद्याच्या मराठीत तो वयात न आलेल्यासाठी आहे.) पहिला सही करतो मुलाच्या वतीने, दुसरा सगळ्या घराच्या वतीने. पुष्कळदा हे दोघं म्हणजे एकच माणूस असतो. मग बापाने भावाशी चाललेला वाटपाचा दावा आपसात मिटवला, तर त्या तडजोडीत मुलाच्या हिश्शाचं काय झालं हे पाहिलं कुणी?

कायद्याचं उत्तर असं होतं की कोर्टाने पाहायचं. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ४६२ होतं. वादमित्राने किंवा दाव्यापुरत्या नेमलेल्या पालकाने कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञानाच्या वतीने तडजोड करायची नाही, आणि केलीच तर ती अज्ञान सोडून बाकी सगळ्यांविरुद्ध शून्यनीय. म्हणजे काय, तर ती मोडायची की ठेवायची हे ठरवायचा हक्क फक्त त्या मुलाचा. समोरच्याला 'आता मला नको' म्हणता येत नाही. अशी एकतर्फी रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

पण परवानगी मिळाली होती हे दाखवायचं कसं? कोर्टाने तडजोडीप्रमाणे हुकूमनामा केला, त्यातच परवानगी आली असं धरता येईल का? १९०६ मध्ये मनोहरलाल विरुद्ध जदुनाथसिंह या अपिलात प्रिव्ही कौन्सिलने नाही म्हटलं. तडजोडीत एक पक्ष अज्ञान आहे याकडे कोर्टाचं लक्ष थेट वेधलं गेलं पाहिजे, आणि परवानगी अर्जावरच्या हुकुमातून किंवा तितक्याच निःशंक रीतीने दिसली पाहिजे. दोन वर्षांनी, १९०८ च्या नव्या संहितेत हीच तरतूद आदेश ३२, नियम ७ म्हणून आली तेव्हा तिच्यात मोजके शब्द वाढले होते: परवानगी कामकाजात स्पष्टपणे नोंदलेली हवी.

संशोधकाने इथे थांबायला हवं. या मोजक्या शब्दांमुळे रोजनाम्यातल्या एका ओळीवर शेतं, वाडे, दागिने अवलंबून राहिले. ओळ असेल तर तडजोड पक्की. नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर सगळं पुन्हा उकरता येणार. एरवी कागदात एखादी गोष्ट नाही म्हणजे ती घडली नाही, असं आपण म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. या प्रकरणात मात्र कायदाच तसं म्हणत होता.

बापाचा प्रश्न १९१३ मध्ये सुटला. गणेश राव विरुद्ध तुळजाराम राव या मद्रासकडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला एरवी काही अटींवर घराच्या वतीने करार करता येतात, पण तो दाव्यात मुलाचा पालक म्हणून उभा असेल तर कोर्टाच्या ताब्यात असतो. थोडक्यात, कोर्टाच्या दारात ए.कु.मॅ. वर अ.पा.क. भारी. हिंदू कुटुंबातल्या कर्त्याच्या अधिकारावर लिहिणारे बहुतेक लोक कर्ज आणि विक्री यांवरच लिहितात. माझ्या मते हा निकाल त्यांनी आधी वाचावा.

हाच नियम मनोविकल व्यक्तींनाही लागू होतो, आदेश ३२ च्याच नियम १५ नुसार. त्यांची मिळकत सांभाळायला व्यवस्थापक नेमायची सोय त्याच्याही आधीची, १८५८ च्या ३५ व्या कायद्यातली. जमीनदार-जहागीरदारांसाठी कोर्ट ऑफ वॉर्ड्स होतं: बंगालात १७९३ पासून, मुंबई इलाख्याचा कायदा १९०५ चा. नावात कोर्ट असलं तरी ते महसूल अधिकाऱ्यांचं काम, त्यामुळे त्याची दप्तरं न्यायालयात शोधत बसू नका. अजून एक खाचखळगा वयाचा. १८७५ च्या कायद्याने सज्ञान वय १८, पण कोर्टाने पालक नेमला असेल किंवा मिळकत कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर २१. हा फरक थेट १९९९ मध्ये गेला. एकाच घरातली दोन चुलतभावंडं, एकाच वयाची, एक सज्ञान आणि एक अज्ञान असू शकत होती. वयावरून मुदत मोजताना हे विसरलात तर आख्खं प्रकरण चुकीचं वाचाल.

आता अडचण अशी, की छापील निकालांत फक्त भांडणापर्यंत गेलेल्या तडजोडी दिसतात. ज्यात परवानगी निमूट मिळाली त्या जिल्हा न्यायालयांच्या दप्तरात. आणि १९१७ पासून मुदत संपलेले न्यायालयीन कागद नष्ट करण्याचाही रीतसर कायदा आहे. जे उरलंय त्यात 'तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे' हे वाक्य भेटेल. ते कशाच्या आधारावर लिहिलं, हिस्सा किती होता, मिळाला किती, हे सोबत असेलच असं नाही. १९७६ च्या दुरुस्तीने पालकाचं प्रतिज्ञापत्र आणि वकील असेल तर त्याचा दाखला जोडणं सक्तीचं केलं, आणि वर हेही सांगितलं की असा दाखला असला तरी कोर्टाने हित स्वतः तपासायला आडकाठी नाही. नुसतं वाक्य पुरत नव्हतं, याची ती कबुलीच म्हणायची.

मुलांच्या बाबतीत ही साखळी पुढे चालू राहिली. अपघात नुकसानभरपाईत मुलाचे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकायचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालात दिले, ते त्याच काळजीतून. मनोविकलांच्या बाजूला मात्र एक कडी निखळली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीच्या व्यवस्थापनाचं प्रकरण होतं. २०१७ च्या कायद्यात ते नाही. त्यामुळे कोमात गेलेल्या नवऱ्याच्या बँक खात्यासाठी बायकोला उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. या याचिकांची दप्तरं अजून ताजी आहेत, आणि निकाल आता ऑनलाइन वाचता येतात.